करीमखाँ, अब्दुल

माझ्या मामूंकडे बुटांच्या चार खोक्यांत मिळून ६१२ कार्डं होती. एका पुस्तकाला एक कार्ड. मामूंची सगळी नोकरी रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून गेली, त्यातही जास्त मिरज जंक्शनवर. त्यामुळे नोंद ठेवण्याची सवय अंगात मुरलेली. पुस्तकं सगळी संगीताची. मराठी, उर्दू, थोडी हिंदी आणि तीन फारसी, जी त्यांना वाचता येत नव्हती पण टाकवतही नव्हती. मामू गात नसत. तबला वाजवायचे, तोही "बेताचा" असं स्वतःच सांगायचे. पण मिरजेत राहणाऱ्या माणसाला संगीताचा नाद लागायला गाता आलंच पाहिजे असं नाही. एकीकडे सतारमेकर गल्ली, जिथे भोपळे घासल्याचा आवाज रस्त्यावर येतो. दुसरीकडे ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा, जिथे अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत आणि दरवर्षी त्यांच्या आठवणीत गाणं होतं. मामू त्या रात्री बसायचे ते फजरच्या अजानपर्यंत.

कार्डावर उजवीकडे वर नंबर. मग लेखक, पुस्तकाचं नाव, छापखाना, गाव, साल. उर्दू पुस्तकाचं कार्ड उर्दूत, मराठीचं मराठीत. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, ते पुस्तक कुठून आलं ते. "हुबळी, रद्दीवाला, ४ रु." "एका सारंगियाच्या बेवानं दिलं, पैसे घेतले नाहीत." "परत करायचं आहे." या कोपऱ्यातल्या ओळी वाचायला मला लहानपणापासून आवडायचं. पुस्तकं मला फार कळत नव्हती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. बी.एड. झाल्यावर पहिल्या पगारातून मी जुना कॉम्प्युटर घेतला, आणि दोन्ही लिप्यांत टायपिंग येणारी घरात मी एकटीच. तेव्हा एका उन्हाळी सुट्टीत मामूंची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मामू शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी कार्डातलं टाइप केलं की ते आणखी काहीतरी सांगायचे, जे कार्डावर नव्हतं. या पुस्तकाची पंधरा पानं का फाटली, ही बंदिश छापताना कशी चुकली, हे पुस्तक कोणत्या बुवांनी कोणाच्या तोंडावर फेकलं होतं. मी म्हणायचे, "मामू, कार्डात नाही ते." ते म्हणायचे, "कार्ड तो सब पढ लेंगे. ये तू लिख."

मी लिहीत गेले. मराठी नोंदी एका फॉन्टमध्ये, उर्दू नोंदी इनपेजमध्ये. फाईलींची नावं आज सांगायलाही लाज वाटते. 'यादी'. 'यादी नवीन'. 'यादी फायनल'. 'यादी फायनल २'. 'मामू उर्दू नवी'. एका संध्याकाळी पेनड्राइव्हवरून कॉपी करताना कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? मी हो म्हटलं. जुनी फाईल नव्या फाईलवर जाऊन बसली. ६४ नोंदींवरच्या मामूंच्या तोंडी टिपा त्या एका 'हो'मध्ये गेल्या. मी त्यांना सांगितलं नाही. मनात म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा विचारून घेऊ. मामू त्याच पावसाळ्यात गेले.

उरलेली फाईलही टिकली नाही. दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला, आणि मराठी यादी उघडली तर समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण ती कधी मराठी नव्हतीच. त्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवली जायची आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला, मुखवटा गेला. उर्दू फाईलला इनपेजच हवं, आणि ते माझ्या नव्या मशीनवर चालेना. कार्डं मात्र बुटांच्या खोक्यांत जशीच्या तशी. रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं लिहिलेली, कुठलाही फॉन्ट न मागणारी.

ही यादी मी पुन्हा हातात घेतली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. मराठी मी तिला आठवी ते दहावी शिकवलं. आता ती दक्षिण महाराष्ट्रातल्या गाण्यावर संशोधन करते. तिचा फोन आला, "बाई, तुमच्या मामांची पुस्तकं अजून आहेत ना? मला यादी द्याल? साध्या टेक्स्टमध्ये द्या, बिबटेकच्या पद्धतीनं."

बिबटेक म्हणजे काय ते तिनंच समजावलं. १९८५ साली ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅमपोर्ट यांनी केलेली संदर्भयादी लिहायची पद्धत. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद, महिरपी कंसात. आत एकेका ओळीत एकेक गोष्ट: लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक. नोंदीच्या सुरुवातीला एक खूण, जिला 'की' म्हणतात, जिच्यावरून प्रबंधात त्या पुस्तकाचा हवाला देता येतो. ना रंग, ना ठळक अक्षर, ना फॉन्ट. नोटपॅडमध्ये उघडतं. चाळीस वर्षांपूर्वीची फाईल आजही उघडते, हे ऐकल्यावर मी दुसरं काही विचारलं नाही.

मोठ्या हौसेनं पहिल्या पन्नास नोंदी केल्या आणि पाठवल्या. तिनं त्यावरून छापील यादी काढून मला परत पाठवली. तिच्यात पहिली गंमत अशी की दोन लेखकांची जिथे जोडी होती तिथे दोघांचा मिळून एकच माणूस झाला होता. मी दोघांच्या मध्ये "आणि" लिहिलं होतं. त्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी 'अँड' कळतो. यादी मराठी असो की उर्दू, मध्ये 'अँड'च लिहायचा. ठीक आहे, लिहिला.

दुसरी गोष्ट बघून हसू आलं नाही. 'क'च्या खाली एक नोंद होती: "करीमखाँ, अब्दुल".

मराठीत आपण "अब्दुल करीमखाँ" असं लिहितो. खाँ आधीच्या शब्दाला जोडून. अल्लादियाखाँ, रहिमतखाँ, करीमखाँ. जुन्या मराठी पुस्तकांत सगळीकडे असंच आहे, आणि त्यात आदर आहे, आपलेपणा आहे. प्रोग्राम बिचारा शेवटचा शब्द आडनाव समजतो. म्हणून करीमखाँ हे आडनाव झालं आणि अब्दुल हे नाव. उर्दू पुस्तकांतून आलेली नोंद "अब्दुल करीम ख़ान" अशी तीन शब्दांत होती, ती 'ख'च्या खाली जाऊन बसली: "ख़ान, अ. क." एकच माणूस, दोन भाषा, दोन ठिकाणी. आणि त्या 'ख'च्या खाली किती गर्दी! बीनकार, गवई, सारंगिये, सतारिये, एक शायर आणि एक पोलीस अधिकारी ज्यांनी ठुमरीवर पुस्तक लिहिलं. सगळे खान, सगळ्यांची नावं एकेका अक्षराची.

माझ्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे सांगायला नको, पण काहींना सांगायला हवं. 'अब्दुल' हे नाव नाही. ते अर्धं नाव आहे. अब्द म्हणजे बंदा, दास. अब्दुल करीम म्हणजे करीमचा बंदा, आणि करीम हे अल्लाहचं नाव. मधून कापलं की एका बाजूला "चा बंदा" उरतो, कोणाचा ते नाही. दुसऱ्या बाजूला माणसाला थेट अल्लाहचं नाव. आमच्या शेजारच्या अब्दुल रहमानला सगळे 'रहमान' म्हणतात ते आमच्या नानींना कधी आवडलं नाही. "उसका आडनाँव नै है वो," असं त्या म्हणायच्या. आता तोच कारभार माझ्या हातून, मामूंच्या यादीत, खाँसाहेबांच्या बाबतीत झाला होता.

शाळेत हे रोज बघते मी. ऑनलाइन नोंदणीत तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आमच्याकडे एका मुलीचं नाव फक्त 'निखत परवीन' आहे. घरात कोणी कधी आडनाव लावलंच नाही. कोणीतरी तिच्या रकान्यात 'शेख' टाकलं, कारण काहीतरी टाकायला हवं होतं. आता ती निकालावर शेख आहे, आधार कार्डावर नाही, आणि दरवर्षी शिष्यवृत्तीच्या वेळी तिचे वडील एक दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासमोर येऊन बसतात. माझ्या स्वतःच्या बी.एड.च्या कागदावर माझं नाव उलटं आहे. तो किस्सा पुन्हा कधी.

तर विद्यार्थिनीला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, दुहेरी कंस टाका." लेखकाच्या नावाला एकाच्या जागी दोन महिरपी कंस घातले की प्रोग्राम ते नाव फोडत नाही. संस्थांची नावं लिहायला लोक ही युक्ती वापरतात, नाहीतर 'गांधर्व महाविद्यालय'चं "महाविद्यालय, गांधर्व" व्हायचं. मी खाँसाहेबांना दुसरा कंस घातला. नाव अख्खं राहिलं, 'अ'च्या खाली आलं.

पण मग मी उत्साहाच्या भरात सगळ्याच मुसलमान नावांना दुहेरी कंस घालत सुटले आणि ते चूक होतं. आपल्याकडे मुजावर आहेत, शिकलगार आहेत, अत्तार, बागवान, मुलाणी, तांबोळी आहेत. ही खरीखुरी आडनावं आहेत, कुलकर्णी-देशपांड्यांसारखीच, आणि त्या लेखकाला 'मु'खाली शोधणारा माणूस 'मु'खालीच शोधणार. "मुसलमान म्हणजे आडनाव नसलेला" असा नियम मीच करून बसले असते. आणि आडनाव फसवं असणारे फक्त आपणच आहोत असंही नाही. गौहर जानला "जान, गौहर" करून बघा. बेगम अख्तर "अख्तर, बेगम" झाल्या की बेगम हे पाळण्यातलं नाव वाटतं, आणि त्याच आधी अख्तरीबाई फैजाबादी होत्या हे त्या ओळीतून कोणाला कळणार? तेव्हा नियम नाही केला. प्रत्येक नावापाशी थांबून विचारायचं ठरवलं: या माणसाला लोक काय म्हणून शोधतील? वेळ जातो. ६१२ कार्डांना गेलाच.

'उस्ताद', 'पंडित', 'खाँसाहेब', 'बुवा' मात्र लेखकाच्या ओळीतून काढले. आमच्या आतेभावाला ते बेअदबी वाटली. पण ठेवले तर निम्मी यादी 'उ' आणि 'पं'खाली जाते. मुखपृष्ठावर असतील तर शीर्षकात आहेतच ते.

खरा तिढा पुढे आला. एका कार्यक्रमपत्रिकेच्या कार्डावर मामूंनी "सरस्वती राणे" लिहून शेजारी पेन्सिलीनं "सकीना" लिहिलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची मुलं म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे. आईवडील वेगळे झाल्यावर मुलं आईबरोबर राहिली आणि त्यांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई, सकीनाच्या सरस्वती. हे काही गुपित नाही, चरित्रांतून छापलेलं आहे. पण यादीत कोणतं नाव आधी?

घरात यावर दोन तट पडले. एक म्हणाला, जन्माचं नाव पहिलं टाक, आपली माणसं आपल्या नावानं दिसू देत. दुसरी बाजू म्हणाली, शंभर वर्षं झाली, जुनं कशाला उकरतेस, लोक भलताच अर्थ काढतील. मला दोन्ही पटेना. त्या बाईंनी आयुष्यभर सरस्वती राणे या नावानं गायलं, त्या नावानं त्यांची रेकॉर्ड निघाली. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव बदलणारी मी कोण? आणि मामूंनी पेन्सिलीनं लिहिलेलं खोडणारी तरी मी कोण?

यावर उत्तर मिळालं ते भातखंड्यांमुळे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपला संस्कृत ग्रंथ 'चतुरपंडित' या नावानं काढला. मग मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' लिहिली ती 'विष्णुशर्मा' या नावानं, आणि तिच्यात चतुरपंडितांचे दाखले असे दिले की जणू ते कोणी वेगळेच गृहस्थ. पुढे हाथरसहून याच पुस्तकाचा हिंदी अनुवाद 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावानं आला. मामूंकडे तिन्ही आहेत, आणि नुसती यादी बघणाऱ्याला ते तीन लेखकांचे तीन ग्रंथ वाटतील. भातखंड्यांच्या बाबतीत कोणी मला म्हणालं नाही की अमुक नाव आधी टाकल्यानं लोक भलता अर्थ काढतील. मग जे त्यांना तेच सर्वांना. पुस्तकावर जे नाव छापलंय ते लेखकाच्या ओळीत, जसंच्या तसं. आणि बाजूला एक वेगळी साधी टेक्स्ट फाईल, फक्त नावांची. एका माणसाला एक ओळ, आणि त्या ओळीत त्याची सगळी नावं, सगळी स्पेलिंगं. चतुरपंडित, विष्णुशर्मा, वि. ना. भातखंडे एका ओळीत. करीमखाँ, करीम ख़ान, करीम खां एका ओळीत. सरस्वती राणे आणि सकीना एका ओळीत. कोणी कुठल्याही नावानं शोधलं तरी पोचेल. आतेभाऊ यावर गप्प झाला. पटल्यामुळे की कंटाळल्यामुळे, ते माहीत नाही.

यानंतर 'की'चं बघावं लागलं. लोक सहसा की करतात आडनाव आणि साल जोडून: खान१९१३. आता आमच्या यादीत खान१९१३ अ, ब, क, ड करत गेलो असतो. आणि ज्याचं नाव काय हेच घोळात, त्याच्या नावावरून खूण कशी करायची? आज ठरवलेलं नाव उद्या बदललं तर की बदलायची, आणि तोवर विद्यार्थिनीच्या प्रबंधात शंभर ठिकाणी जुनी की बसलेली. मी मामूंच्या कार्डांचे नंबर घेतले. म०४७, म३८८. मामूंनी नंबर दिले ते पुस्तक घरात आलं त्या क्रमानं. त्यात कोणी खान नाही, कोणी पंडित नाही. शून्यं भरून तीन आकडे करायचे एवढंच, नाहीतर कॉम्प्युटर १०० नंबरला २च्या आधी बसवतो.

ज्यांना असं काम कधी करायचं असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवते. बहुतेक ठेचा मी खाल्ल्यात, तुम्ही नका खाऊ.

नुक्ता. 'ख़' हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे बसतं. एक, अख्खं एकच अक्षर म्हणून. दुसरं, साधा ख आणि त्याखाली वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. शोधायला गेलात की कॉम्प्युटर म्हणतो, ही वेगळी आहेत. मी एकदा 'ख़याल' शोधलं तर अकरा पुस्तकं आली, आणि मला पक्कं आठवत होतं की निदान वीस असतील. युनिकोडच्या नियमानं प्रमाण रूप करायचं तर नुक्ता नेहमी वेगळाच ठेवला जातो. म्हणून सगळी फाईल एकदा त्या रूपात करून घेतली, विद्यार्थिनीनं छोटा प्रोग्राम लिहून दिला. उर्दूत हाच खेळ 'ये' आणि 'काफ'मध्ये आहे. अरबी कीबोर्डचा ये वेगळा, उर्दू कीबोर्डचा वेगळा. शब्दाच्या मध्ये बघितलं तर डोळ्याला फरक दिसत नाही. 'मौसीक़ी' हा एकच शब्द माझ्या फाईलमध्ये चार तऱ्हांनी निघाला. संगीताच्या यादीत मौसीक़ी सापडत नाही म्हटल्यावर काय राहिलं!

उर्दू आणि इंग्रजी एका ओळीत आली की कंस आणि स्वल्पविराम उड्या मारतात, कारण एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून. लिहिणाऱ्याला वाटतं फाईल बिघडली. बिघडलेली नसते, फक्त तशी दिसते. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीवर लिहिली तर निम्मा त्रास जातो.

साल. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन, पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून शेवटचे दोन-तीन महिने पुढच्या सनात जातात. उर्दू पुस्तकांवर हिजरी. हिजरी १३३१ हे वर्ष १९१२च्या डिसेंबरात लागलं आणि १९१३च्या नोव्हेंबरात संपलं, आणि पुस्तकावर महिना नसेल तर एकच सन ठोकून देणं हा खोटेपणा. मी सालाच्या ओळीत १९१२/१९१३ असं लिहिते आणि पुस्तकावरचा हिजरी किंवा शके जसा आहे तसा टिपेत. 'बार-ए-दोम' म्हणजे दुसरी आवृत्ती, हेही टिपेत, कारण पहिल्या वेळी मी एका ठिकाणी तेच लेखकाचं नाव समजून टाइप केलं होतं. उर्दूच्या शिक्षिकेनं! हसा.

फाईल सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ आहे का ते बघा. विंडोजचं नोटपॅड २०१९पासून आपोआप तेच धरतं, पण आमच्या शाळेतले कॉम्प्युटर त्याच्या आधीचे. तिथे एकदा 'अन्सी'मध्ये सेव्ह केलं आणि चाळीस नोंदींची प्रश्नचिन्हं झाली. फॉन्टचा कचरा निदान उलटा फिरवता येतो. प्रश्नचिन्ह फिरवता येत नाही, खाली अक्षरच उरलेलं नसतं.

आणि फाईलचं नाव. इथे मी मराठीच्या शिक्षिकेला शोभणार नाही असं केलंय: फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत, सगळी छोट्या लिपीत, जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ. मराठी नावाच्या फाईली झिप करून पाठवल्या तर दुसऱ्याच्या मशीनवर नावाचा पार भुगा झालेला मी बघितलाय. आत मराठी-उर्दू हवी तेवढी, बाहेर पाटी साधी. आधी संग्रहाचं नाव, मग भाषा, मग तारीख, आणि तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०६-०९. असं लिहिलं की फाईली आपोआप जुन्या-नव्या क्रमानं लागतात. 'फायनल' हा शब्द मी घरात बंद केलाय. 'नवीन'ही. कॉम्प्युटर "बदलू का?" म्हणून विचारतो तेव्हा मी खुर्चीतून उठते, पाणी पिते, मग उत्तर देते.

शेवटी कोपऱ्यातल्या ओळी. विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, प्रमाण पद्धतीत याला जागा नाही, हे कुठे छापणार नाही." मी म्हटलं, न छापू दे. बिबटेकचं एक बरं आहे, त्याला न कळणारा रकाना तुम्ही लिहिलात तर तो तक्रार न करता पुढे जातो. मी प्रत्येक नोंदीत एक ओळ घातलीय, तिचं नाव 'मामू'. "हुबळी, रद्दीवाला, ४ रु." तिथे आहे. "एका सारंगियाच्या बेवानं दिलं" तिथे आहे. त्या ६४ नोंदींत ही ओळ मी रिकामी ठेवली नाही, तिथे लिहिलं: "मामूंनी सांगितलं होतं, माझ्याकडून गेलं." संशोधनाच्या फाईलमध्ये असं लिहितात का, ते मी कोणाला विचारलं नाही.

म३८८ वर "परत करायचं आहे" आणि एक नाव आहे. पत्ता किल्ला भागातला. मी गेले होते. त्या घरात आता तिसरेच लोक राहतात. त्यांनी चहा दिला, पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, आमचं नाही. ते पुस्तक पिशवीतून परत आणलं आणि खोक्याशेजारी वेगळं ठेवलंय.

घर आता विकायला काढलंय. चार वारस आहेत, आणि पुस्तकांच्या दोन कपाटांना त्यातलं कोणी विरोध करत नाही, कोणी जागाही देत नाही. एका ग्रंथालयानं यादी मागितली, आणि यादी बघून "उर्दू वाचणारं आमच्याकडे कोणी नाही" असं कळवलं. दुसऱ्या ठिकाणी फाईल पाठवलीय. रमजानच्या आधी काहीतरी कळेल.

तोवर ५३० ते ५४४ ही पंधरा कार्डं बाकी आहेत. त्यांतली सहा मामूंनी शेवटच्या वर्षी लिहिलेली, पेन्सिलीनं, हात थरथरत असताना. खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तर वाचता येतात. रविवारी दुपारी बारा ते दोन त्या खिडकीत ऊन असतं.